आडव्या रेघा

मानसीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. कांजूरमार्गला गटाराच्या उघड्या चेंबरपाशी ती बसली होती, हातात तिनेच बनवलेला डबा, आणि त्यावर हिरव्या दिव्याखाली ठसठशीत आकडा: विषारी वायू, चार. म्हणजे माणूस उतरवायला हरकत नाही.

वायू मोजणारं यंत्र दोरीने वीस फूट खाली सोडलेलं. तिथून काँक्रीटमधून वर येणारा संदेश नेहमीच मोडकातोडका येई. म्हणून मानसीने प्रत्येक आकड्यासोबत जादा खुणा पाठवायची सोय केली होती. दोनतीन चुका झाल्या तर त्या खुणांवरून डबा आकडा दुरुस्त करी. त्याहून जास्त झाल्या तर त्याने निमूट आडव्या रेघा दाखवायच्या. कारण तेवढ्या मोडतोडीतून दुरुस्ती करायला गेलं की जीवघेण्या चाळीसचा चार व्हायला वेळ लागत नाही, आणि तो चार अगदी खऱ्यासारखा दिसतो.

आज सकाळपासून रेघा एकदाही आल्या नव्हत्या. तिने कंपनीच्या मालकाला, सौरभला, विचारलं. तो आरामात म्हणाला की परवा त्यानेच रेघा बंद करून घेतल्या. दिवसातून दहा वेळा हात वर करणारं मशीन घेणार कोण? आता डबा जवळात जवळचा आकडा देतो.

"तो आकडा नाही, अंदाज आहे," मानसी म्हणाली. "आणि अंदाजावर तू हिरवा दिवा लावलास. लाज वाटत नाही तुला?"

सौरभने हळू बोलायची खूण केली. ठेकेदाराचा मुकादम पलीकडेच उभा होता.

खाली उतरणारा धोंडिराम कमरेला दोर बांधत होता. पंचवीस वर्षं याच कामात गेलेली. तो म्हणाला, "ताई, रेघा दिसल्या की मुकादम गप बसायचा. आकडा दिसला की आमाला नाय म्हणता येत नाय."

हे मानसीच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. सौरभचा राग होताच, आता स्वतःचाही आला. तिने डब्याची बॅटरी उपटून काढली. सौरभ घाईघाईने धोंडिरामला म्हणाला की आत्ताच तर चार होता, उतर.

"साहेब, डब्याचं ऱ्हाऊ द्या," धोंडिराम म्हणाला. "तुमी सांगा, खाली हवा कशी हाय?"

सौरभने बंद डब्याकडे पाहिलं. धोंडिरामने कमरेचा दोर सोडला. मुकादमाने शिवी हासडली आणि दुसऱ्या माणसाला हाक मारली.

मानसी उठली आणि लोखंडी झाकण ओढू लागली. तिला ते हलेना, तेव्हा धोंडिरामने दुसरी बाजू धरली. झाकण बसलं, तशी ती त्यावर मांडी घालून बसली.