भोवरा उजवा की डावा?

सलूनमध्ये माणसं केस कमी करायला जातात, पण भोवरेकाकांच्या सलूनमधून बाहेर पडताना डोकं आत शिरताना होतं त्यापेक्षा जड झालेलं असायचं. कारण तिथे प्रश्न सुटे मिळायचे. एकदा टॅक्सीवाल्याने विचारलं, "माणसाला स्वतःच्या हाताने गुदगुल्या का होत नाहीत हो?" झालं! कात्री खाली, वस्तरा खाली, आणि दुकानातला एकूण एक बाप्या दाढीचा ब्रश घेऊन स्वतःचीच मान, काख, तळपाय घासत बसला. रस्त्याने जाणाऱ्या एका बाईंनी काचेतून आत पाहिलं आणि मुलाचा हात घट्ट धरून पलीकडचा फूटपाथ गाठला.

"हाताला आधीच माहीत असतं ना, कुठे जायचंय ते," बेकरीवाला शेवटी म्हणाला. "बातमी फुटते. मग कसलं हसू?"

सगळ्यांना पटलं. मागच्या भिंतीवर 'वस्तरा मानेवर असताना हसू नये' अशी पाटी होती, ती उगीच लावलेली नव्हती.

पण हा सगळा किरकोळ माल. घाऊक सिद्धांत एकच, आणि तो खुद्द काकांचा. त्याच्यावरूनच लोक त्यांना भोवरेकाका म्हणायचे. टाळूच्या मागे केस गोल फिरतात ना, तो भोवरा. घड्याळाच्या काट्यांसारखा फिरला तर उजवा, उलटा फिरला तर डावा. काकांनी उभ्या आयुष्यात डोकी पाहिली अमाप, आणि त्या डोक्यांचे संसारही ऐकले, कारण खुर्चीत बसून मान खाली घातली की पुरुष बायकोबद्दल बोलायला लागतोच. दोन्हीची सांगड घालून त्यांनी ठरवलं होतं की नवरा-बायकोचे भोवरे उलट दिशांचे असले तर संसार सुरळीत, आणि एकाच दिशेचे असले तर रोज भांड्याला भांडं.

"दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकवून बघा," ते सांगायचे. "एक उजवीकडे फिरलं तर दुसरं डावीकडे फिरायलाच पाहिजे. दोघं एकाच बाजूला फिरायला बघतील तर दात पडतील दात!"

आता बेकरीवाल्याचा आणि त्याच्या बायकोचा भोवरा चांगला उलट, तरी पटेल तर शपथ. पण काका डगमगले नाहीत. "तुझा भोवरा जरा कानाकडे सरकलाय," ते म्हणाले. टॅक्सीवाल्याच्या घरी दोघांचा एकाच बाजूचा, तरी दोघं मजेत. "तू घरी असतोस कधी?" काकांनी त्यालाच विचारलं. सिद्धांत असा पक्का की कुठूनही ढकला, मांजरासारखा पायांवरच पडायचा.

आणि कुणी फारच वाद घातला तर काका हुकमाचं पान काढायचे. समोरच्या मोठ्या आरशाकडे तोंड करून उभे राहायचे, हातातला छोटा आरसा डोक्यामागे धरायचे आणि म्हणायचे, "बघा. काय दिसतंय? डावा. पण आरसा काय करतो? उलटं दाखवतो! म्हणजे माझा खरा भोवरा उजवा. आणि आमच्या हिचा डावा, तो मी लग्नानंतर पहिल्याच सकाळी बघून घेतला. इतक्या वर्षांत आमचं एक भांडण संध्याकाळपर्यंत टिकलेलं नाही!"

लोक माना डोलवायचे आणि दाढीसाठी हनुवटी वर करायचे.

काकांना एकच लेक. चष्म्याच्या दुकानात कामाला होती. ती जन्मली तेव्हा नर्सने दुपट्यात गुंडाळून हातात दिली, तर या गृहस्थाने नाक-डोळे बघायच्या आधी डोकं वळवून भोवरा बघितला होता. डावा. म्हणजे जावई उजवाच हवा, हे त्याच दिवशी ठरून गेलं. एक दिवस लेकीने जेवताना विषय काढला.

"बाबा, मला एक मुलगा आवडलाय. आम्हाला लग्न करायचंय. काचा बसवतो तो, आमच्या दुकानाच्याही त्यानेच बसवल्यात."

"स्वभावाने कसा आहे?"

"फार चांगला."

"आणि भोवरा?"

"बाबा!"

"विचारलं तर काय बिघडलं?"

"सारखी टोपी असते त्याच्या डोक्यावर. मी काय टोपी काढून बघू?"

काकू ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या. त्यांचे खांदे हसण्याने हलत होते.

दुसऱ्या दिवशी काचवाला सलूनमध्ये हजर. आल्या आल्या त्याने मोठ्या आरशाचा ढिला झालेला कोपरा न सांगता नीट बसवून दिला. मग बाकावर टेकला आणि म्हणाला, "काका, एक विचारू? काच पुसताना डाग नेहमी पलीकडच्याच बाजूला का असतो?"

दुकान आनंदाने वेडं व्हायचं बाकी राहिलं. बेकरीवाल्याने तर त्याला मिठीच मारली. इतका सोन्यासारखा प्रश्न त्या बाकावर कित्येक दिवसांत पडला नव्हता. काकांना पोरगा बघताक्षणी आवडला, आणि हीच पुढे पंचाईत झाली.

"बस खुर्चीत," काका प्रेमाने म्हणाले. "टोपी काढ."

उजव्या बाजूने सुरुवात केली. कानामागून कात्री कशी झुळझुळ चालली होती. उजवं अर्धं डोकं झकास उतरलं आणि काका टाळूपाशी पोचले. तिथे त्यांचा हात थांबला. त्यांनी केसांवर पाणी मारलं, कंगव्याने दाबून पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. भोवरा जागचा हलायला तयार नव्हता.

"डावा," काका पुटपुटले. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"काय झालं?" पोराने विचारलं.

मग काकांनी त्याला सगळा सिद्धांत सांगितला, दातेरी चाकांसकट, आणि डोक्यामागे आरसा धरून स्वतःचा दाखलाही दिला. पोरगा बारकाईने बघत होता.

"पण काका, तुम्ही बघताय ते दोन आर—"

"तू काच काप," काका म्हणाले. "डोकी मी बघतो." आणि त्यांनी त्याच्या गळ्यातलं कापड सोडलं. "आजच्यापुरतं एवढंच. मला विचार करू दे."

काय म्हणावं या माणसाला! अर्धं डोकं कापून गिऱ्हाईक उठवलं, असं त्या दुकानात आजवर घडलं नव्हतं. पण पोरगाही काही कमी नव्हता. दुसऱ्या सलूनची पायरी तो चढला नाही, आणि टोपी तर त्याने खिशात घातली ती घातलीच. उजवीकडे साफ, डावीकडे जंगल, अशा थाटात तो गावभर शिड्यांवर चढून काचा बसवू लागला. लोक विचारायचे, "केस कुठे कापलेत हो?" हा शांतपणे सांगायचा, "भोवरेकाकांकडे. अजून चालू आहे."

"काका," टॅक्सीवाला येऊन म्हणाला, "तुमची जाहिरात चौकात शिडीवर उभी आहे."

गिऱ्हाईकं रोडावली. जी यायची ती खुर्चीत बसण्याआधी विचारायची, "पूर्ण कापणार ना?" घरी लेक बापाशी बोलेना. ताट समोर ठेवायची ते असं आदळून की वाटीतलं कालवण ताटात. काका सांडलेलं कालवण भाकरीने टिपून घ्यायचे. हट्टाने त्यांनी हे केलं नव्हतं हो. त्यांना भीती वाटत होती. पोरगा गुणी होता, कळत होतं त्यांना. पण उद्या लेक रडत दारात आली तर? ठाऊक असून बापाने दात पडणाऱ्या चाकाशी पोरीला जोडून दिलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? नाही म्हटलं तर लेक आत्ता रडणार, हो म्हटलं तर नंतर.

दुकानाच्या सुट्टीचा दिवस आला. सगळ्या गावाचे केस कापणाऱ्या माणसाला स्वतःचे काही कापता येत नाहीत. काकांचे केस लग्न झाल्यापासून काकू कापत आल्या होत्या, स्वयंपाकघरात स्टुलावर बसवून, मानेभोवती टॉवेल गुंडाळून. आजही तसंच बसले. काकूंनी डावी बाजू सफाईने उतरवली, टाळूपर्यंत आल्या आणि कात्री ओट्यावर ठेवून दिली.

"आजच्यापुरतं एवढंच," त्या म्हणाल्या. "उरलेलं, त्या पोराचं उरलेलं झालं की."

"अगं! उद्या दुकान उघडायचंय मला!"

"तोही रोज कामाला जातो."

"पण भोवरा डावा आहे त्याचा. आपल्या पोरीचाही डावा. कसं जमायचं?"

"तुमचाही डावाच आहे."

काका हसले. "आरशात डावा दिसतो गं. आरसा उलटं दाखवतो. म्हणजे खरा उजवा."

"मला आरसा कशाला हवा?" काकू म्हणाल्या. "माझ्या नाकासमोर आहे तो. आणि डावा आहे."

काका स्टुलावरून ताडकन उठले. टॉवेल तसाच, अर्धं डोकं तसंच, पायात एक चप्पल स्वतःची आणि एक लेकीची, असे धावत दुकानात गेले, शटर वर केलं. वस्तऱ्यावरचा फेस पुसायला ठेवलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यांतला एक पाण्यात बुडवून त्यांनी डोक्याच्या मागे चिकटवला. मग मोठ्या आरशासमोर उभे राहून छोटा आरसा मागे धरला. अक्षरं उलटी दिसायला हवी होती. 'सर्व प्रकारची दुरुस्ती खात्रीने करून मिळेल', त्यांनी सरळ वाचलं. पुन्हा वाचलं. सरळच. एका आरशाने उलटं केलं होतं आणि दुसऱ्याने ते पुन्हा सुलटं. तो पोरगा "दोन आर" एवढं म्हणाला तेव्हा हेच सांगत होता की! म्हणजे इतकी वर्षं डोळ्यांना खरं तेच दिसत होतं, आणि काका ते रोज हुशारीने खोटं करून घेत होते.

ते खुर्चीत बसले. मागोमाग काकू आल्या, हातात कात्री.

"तुला कधी कळलं?" काकांनी विचारलं.

"पहिल्यांदा तुमचे केस कापले तेव्हाच."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलणारच होते. पण आपलं पहिलं भांडण झालं ना, तेव्हा तुम्ही मध्येच थांबलात आणि म्हणालात, 'आपलं भांडण टिकायचंच नाही, भोवरे उलट आहेत आपले.' आणि खरंच गप्प बसलात. मग मीही गप्प बसले. म्हटलं, असू दे की उजवा! पुढच्या भांडणातही तेच, त्याच्या पुढच्यातही तेच."

काकांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं. "मग आपलं जमलं कसं गं?"

"तुम्ही गप्प बसलात, मी गप्प बसले," काकू म्हणाल्या. "भोवऱ्याने काय केलंय त्यात?"

काकांचे डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी आरशात स्वतःचं अर्धं डोकं आणि त्यामागून डोकावणारा त्या दुरुस्तीच्या जाहिरातीचा कोपरा दिसला. त्यांना असं हसू फुटलं की खुर्ची गरगरा फिरली. काकूही बाकावर बसून पदराने डोळे पुसत हसायला लागल्या.

मग काका तसेच चौकात गेले. काचवाला शिडीवर चढून एका दुकानाच्या दर्शनी काचेच्या कडा लांबीने बुजवत होता. त्याची उजवी बाजू कापलेली, काकांची डावी. दोघांचं मिळून एक डोकं नीट झालेलं होतं.

"खाली उतर," काका ओरडले. "दोन आरशांचं बरोबर होतं तुझं. चल, राहिलेलं कापायचंय. लग्नात असा उभा राहणार आहेस काय?"

पोरगा शिडीच्या मधल्या पायऱ्या विसरूनच खाली आला.

लेकीला कुणीतरी कळवलं असावं. ती दुकानातून धावत आली तेव्हा सलूनमध्ये खुर्चीत काचवाला बसला होता, त्याच्या मागे उभे राहून बाबा त्याचे केस कापत होते, आणि बाबांच्या मागे छोट्या स्टुलावर उभी राहून आई बाबांचे. दारात टॅक्सीवाला आणि बेकरीवाला एकमेकांना धरून उभे होते, कारण हसून हसून त्यांना सरळ उभं राहवत नव्हतं. लेक आधी रडली, मग हसली, मग बापाच्या गळ्यात पडायला निघाली.

"लांब राहा!" बाबा म्हणाले. "सगळ्यांच्या हातात कात्र्या आहेत."

"काका," बेकरीवाल्याने दारातून विचारलं, "मग सिद्धांताचं काय?"

"बदलला."

"आता काय म्हणतो?"

"ठरतंय अजून. गप्प बसण्यावर काहीतरी आहे."

काचवाल्याने मान वर केली. "आणि माझा डाग? तो पलीकडेच का असतो?"

काकांनी कंगवा थांबवला. समोरच्या आरशात पोराच्या मागे ते स्वतः दिसत होते आणि त्यांच्या खांद्यावरून बायकोचा चेहरा, कपाळाला आठ्या घालून त्यांचा भोवरा न्याहाळणारा.

"अलीकडे आपण स्वतः उभे असतो ना, म्हणून," काका म्हणाले. "तिथला डाग पलीकडच्या माणसाला विचारावा लागतो."

"डोकं हलवू नका हो," काकू मागून म्हणाल्या, आणि त्यांनी उरलेली बाजू कापायला घेतली.