कुणाकडून आलेलं नाही

डॉक्टरीणबाईंनी पडदा सारला, हातमोजे डब्यात टाकले आणि नळाखाली हात धुऊ लागल्या. कपडे सारखे करत सून टेबलावरून उतरली. सासू कोपऱ्यातल्या स्टुलावर ओठ मिटून बसली होती.

"किती दिवस झाले म्हणालात?"

"पंधरा," सून खाली मान घालून म्हणाली. "खाज इतकी, की ऑफिसात खुर्चीवर बसवत नाही. लघवीला आग होते. आणि अंगावरून पांढरं जातं. घट्ट."

"फाटलेल्या दुधासारखं?"

सुनेने मान डोलावली.

सासूला हे सगळं पाठ होतं. सकाळीच तिने सुनेला ओट्याशी गाठून सुनावलं होतं, "माझ्या पोटचा आहे म्हणून काय झालं? महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी असतो. आधी त्याला विचार." सून रडली होती.

"मधे काही औषधं घेतलीत?"

"दाढेला पू झाला होता. दहा दिवस अँटिबायोटिक चालू होतं."

"मग सापडला चोर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही बुरशी आहे. थोडीफार बऱ्याच जणींच्या अंगात असतेच. तिला आवर घालणारे चांगले जंतू त्या गोळ्यांनी मरतात, मग हिला रान मोकळं. दिवस राहिले, साखर वाढली, तरी होतं; साखर तेवढी तपासून घेऊ. पण हे कुणाकडून आलेलं नाही हं. नवऱ्यावर संशय घेऊन येतात बायका, म्हणून सांगते."

सुनेने मोठा श्वास सोडला. सासू पुढे झुकली.

"न्यूमोनियाच्या औषधांनीही होतं?"

"होऊ शकतं. औषधांची जात तीच. कुणाला झालं होतं?"

"होती एक ओळखीची. फार वर्षं झाली."

"बरी झाली ना?"

सासू पिशवीचे बंद आवळत राहिली.

तेव्हा ती स्वतः एकोणतीस वर्षांची होती. न्यूमोनियातून उठून घरी येऊन आठवडा झाला होता, आणि अशीच खाज सुरू झाली होती. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. शेजारीण कानाशी लागली, "ट्रकवाल्यांचं तुला ठाऊक नाही होय?" दुखणं पुढे आपसूक गेलं. तिने अंथरूण मुलाच्या खोलीत नेलं, ते नेलंच. नवऱ्याने एकदाच विचारलं होतं, "माझं काही चुकलं का?"

"तुमचं तुम्हाला माहीत," ती म्हणाली होती.

पुन्हा त्याने कधी विचारलं नाही. संसार झाला, मुलाचं लग्न झालं. बोट ठेवायला कुणाला जागा नव्हती.

परतताना सून म्हणाली, "बरं झालं आई, यांना काही विचारलं नाही मी. एकदा तोंडातून गेलं असतं, तर परत कसं घेतलं असतं?"

"हं," सासू म्हणाली आणि चालत राहिली.

घरी तिचा म्हातारा आपल्या खोलीत खाटेवर बसून चष्म्याची काडी दोऱ्याने बांधत होता. ती उंबऱ्याशी बराच वेळ उभी राहिली. मग आत आली आणि खाटेच्या कडेवर हात टेकला.

तो लगबगीने उठू लागला.

"चादर बदलायचीय का? थांब, होतो बाजूला."

"नाही," ती म्हणाली आणि खाटेवर बसली. "बसा तुम्ही."