लुसियनला न विचारता छापलेला निबंध

मी एक जुना प्रिंटर आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेलो आहे. जुनी यंत्रं म्हणे डोळ्यांत पाणी आणून, हळुवार आवाजात आपली कहाणी सांगतात. सांगोत बापडी. मला ते जमायचं नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मिनिटाला बावीस पानं छापायचो, केवढा तोरा होता मला! पण नशिबात आले गेलॉर्ड सर. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या या गावात तळ्याकाठी त्यांचं घर. इथे बारावीच्या मुलांना कॉलेजच्या अर्जासोबत स्वतःबद्दल साडेसहाशे शब्दांचा निबंध पाठवावा लागतो. त्याचा विषय निवडून देणं हा सरांचा धंदा. मूल समोर बसलं की पहिला प्रश्न ठरलेला, "तुझ्या आयुष्यात काय मोडलंय ते सांग."

एक पोरगी म्हणाली, "मला आजोबांबरोबर बर्फाला भोक पाडून मासे धरायला आवडतं."

"आजोबा आजारी आहेत का?"

"नाही हो, चांगले ठणठणीत आहेत."

"मग राहू दे," सर म्हणाले. अरे, माणूस आहे की कोण! अशी अकरा वर्षं मी पोरांची दुखणी छापली आणि कौतुक झालं सरांचं. पुढे माझं कागद ओढणारं रबर झिजलं, कागद अडकायला लागले. सरांनी मला गाडीत टाकलं आणि गावच्या कचरा डेपोवर नेऊन सोडलं. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

या गावात दर शनिवारी जो तो आपला कचरा स्वतः डेपोवर नेतो. तिथे एक पत्र्याची शेड आहे. अजून चालेल अशी वस्तू तिथे ठेवायची आणि ज्याला हवी त्याने फुकट न्यायची. ती शेड सतरा वर्षांची ओडेट गॅन्यों सांभाळते. तिचा थोरला भाऊ लुसियन तिथेच बाटल्या आणि पत्र्याचे डबे वेगळे करतो. ओडेटने मला उघडलं, रबर घासून पुसून लख्ख केलं आणि घरी नेऊन स्वयंपाकघरात ठेवलं. इतक्या मायेने मला आजवर कोणी हात लावला नव्हता.

ऑक्टोबरात तिलाही निबंध लिहायचा होता. तिने सरांच्या अंगणातली गळलेली पानं झाडून दिली, त्या बदल्यात सर सल्ला देणार होते. तिने सरांना फोन लावून स्पीकरवर टाकला आणि माझ्या शेजारी ठेवला, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"कचऱ्याची शेड? कोण वाचणार ते?" सर म्हणाले. "तुझा भाऊ नशेच्या गोळ्यांच्या नादी लागला होता ना? मरता मरता वाचला. ते लिही. सोनं आहे ते!"

"पण सर, ते त्याचं आहे."

"तुझ्या घरात घडलं म्हणजे तुझंच. त्याला पहिल्यांदा पाहिलं कोणी?"

"शेजारच्या मिसेस प्रुइटनी."

"छे! निबंधात तू पाहिलंस. तू दिसायला हवीस."

मला वाटलं, ती आता फोन आपटेल. तिने वहीत लिहून घेतलं. त्या घरातून कॉलेजात आजवर कोणी गेलं नव्हतं, आणि आपलाही अर्ज परत येईल या भीतीने ती पुरती गांगरली होती.

तिने तसा निबंध लिहून छापायला घेतला, त्या दिवशी मी अडकायला हवं होतं! फालतू कागदांवर शेकडो वेळा अडकलो, आणि त्या दुपारी खोटं पान न् पान सुरळीत बाहेर सोडलं. सरांच्यापेक्षा मला स्वतःचाच राग जास्त येतो.

ओडेट पत्रपेटी बघायला बाहेर गेली. तेवढ्यात लुसियन जेवायला आला आणि त्याने पानं उचलली. ती परत आली तेव्हा तो मोठ्याने वाचत होता.

"'न्हाणीघराच्या फरशीवर मी त्याला पाहिलं.' तू पाहिलंस? तू?"

"लुसियन, ते सरांनी..."

"तू खोलीचं दार लावून बसली होतीस! मी कधी बोललो त्यावरून? पोर होतीस, घाबरलीस, विषय संपला. दोन वर्षं या गावात मान खाली घालून फिरलो मी. आत्ता कुठे लोक 'काय लुसियन' म्हणून हाक मारतात. आणि तू मला असं रंगवून परक्यांना वाचायला पाठवतेस? मला विचारलं असतंस तर जीभ झडली असती?"

"मला इथून बाहेर पडायचंय रे!"

"मग पड ना! माझ्या अंगावर पाय देऊन कशाला?"

तो न जेवताच निघून गेला. ओडेट रडत बसली, मग तिने पानं फाडली. सरांचे पुढचे तीन फोन तिने उचलले नाहीत. शाब्बास!

आठवडाभर बहीण-भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. रविवारी तिने नवा निबंध त्याच्या ताटाशेजारी ठेवला. शेडवरचाच होता तो. "आधी तू वाच. नको म्हणालास तर पाठवणार नाही."

त्याने घास चावत चावत सगळा वाचला. कपाळाला आठ्या पडल्या.

"हा 'तिथे काम करणारा एक माणूस' कोण?"

"तू."

"मला नाव नाही?"

"वाटलं, तुला नको असेल."

"अगं ए शहाणे, यात मी बाटल्या वेगळ्या करतोय. त्यात लपवायचं काय? नाव घाल. अख्खं घाल, लुसियन गॅन्यों."

तिने घातलं आणि मी छापलं.

मित्रांनो, माझं रबर पुसत जा, शाई वेळेवर भरा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी तेवढ्यावर सोडणार नाही. दुसऱ्याचं दुखणं कागदावर उतरवण्याआधी त्या माणसाला विचारा. तो 'नाही' म्हणाला तर तो कागद माझ्याकडे आणूच नका. 'हो' म्हणाला तर त्याचं नाव नीट लिहा.