दहा चाळीसची बस

जगातलं खनिज तेल संपल्यावर कसं जगायचं हे ठरवायला एल्डरकूम गावात दर सोमवारी चर्चच्या सभागृहात बैठक भरे. सगळे आपापली गाडी काढून यायचे, त्यामुळे बाहेर पाय ठेवायला जागा नसे.

बेरिल हेक्स्ट चालत आली. वय एकोणऐंशी, गुडघे त्याहून जुने. तेल कधी संपेल याची तिला फिकीर नव्हती, तिची बस संपत आली होती. मंगळवार-शुक्रवारची, दहा चाळीसची, पेनीफर्डला जाणारी. पेनीफर्डच्या वृद्धाश्रमात तिचा नवरा रेज होता. अर्धांगवायू झाल्यापासून त्याची खुर्ची खिडकीशी असे, आणि खिडकीतून तिथला बसथांबा दिसे. गाडी चालवायचा तो रेजच. बेरिल कधी शिकली नाही.

एल्डरकूमच्या थांब्यावर कागद लागला होता: येत्या शुक्रवारी मोजणी, बारापेक्षा कमी उतारू भरले तर फेरी बंद. एरवी त्या बसमध्ये बेरिल असे, तिची पिशवी असे आणि कधीमधी मिसेस टकर आणि त्यांचा कुत्रा.

बैठकीत टाळ्या वाजवायच्या नसत. पटलं तर हात वर करून बोटं फडफडवायची. आणि बोलायचं ते नदीकाठी सापडलेलं एक लाकूड हातात असेल तरच. ते बेरिलकडे आलं.

"बस बंद करतायत," ती म्हणाली. "शुक्रवारी सगळ्यांनी जरा बसून या. एवढंच."

दाढीवाल्या पिअर्सने लाकूड मागून घेतलं. "बेरिल, तुमची वेदना माझ्यापर्यंत पोचली. पण ती बस डिझेलवर चालते हो."

"आणि तुझी गाडी?"

"ती तात्पुरती आहे."

बोटं फडफडली.

समितीची प्रमुख इमोजेन, सहा वर्षांपूर्वी लंडन सोडून साधेपणाने राहायला आलेली, समजुतीच्या सुरात म्हणाली, "आपण दहा वर्षांत घोडागाडी आणतोय ना. उपसमितीही नेमलीय."

"माझा नवरा ब्याऐंशीचा आहे, बाई. घोडा तरी आहे का?"

"घोड्याची उपसमिती वेगळी."

बेरिल उठायलाच लागली होती, तेवढ्यात इमोजेनने तिचा हात धरला. "पण तुम्ही आम्हाला हव्याच आहात! 'ज्येष्ठांच्या आठवणी' गोळा करतोय. तेल नसताना माणसं किती एकोप्याने राहायची! कधी बोलाल आमच्याशी?" गावातले दोन ज्येष्ठ हल्लीच वारले होते, आणि तिसरे फुटबॉलपलीकडे काही आठवायला तयार नव्हते.

बेरिलने हातातल्या पिशवीकडे पाहिलं, मग इमोजेनकडे.

"शुक्रवारी बोलेन. पण घरात बसून आठवत नाही मला. दहा चाळीसच्या बसमध्ये. त्याच रस्त्याने माझी आई पाण्याच्या बादल्या वाहायची, रस्ता दिसला की सगळं आठवतं."

बेरिलची आई त्या रस्त्याने जन्मात गेली नव्हती.

"फिरती मुलाखत!" पिअर्स देवळात बोलावं तसा पुटपुटला. बोटांचा असा पाऊस पडला की सभागृहातल्या मेणबत्त्या विझल्या.

शुक्रवारी एकोणीस जण आले. गाड्या त्यांनी थांब्याच्या आजूबाजूला लावल्या, म्हणून बसला रस्त्याच्या मधोमध उभं राहावं लागलं.

"काय राणी, वऱ्हाड कुणाचं?" ड्रायव्हर कॉलिनने विचारलं.

"गप रे, दार उघड."

पुढच्या सीटवर मोजणीवाला सँडविच खात बसला होता. ते त्याने खाली ठेवलं.

"तिकीट कुठं काढतात?" पिअर्सने हळूच विचारलं.

बस निघाली. इमोजेनने फोन बेरिलच्या तोंडाशी धरला.

"सोमवारी धुणं," बेरिल म्हणाली. "अठरा बादल्या, विहिरीवरून. जानेवारीत आईच्या बोटांना भेगा पडायच्या. चादरीला रक्त लागलं की ती परत धुवायची."

"पण शेजारी मदतीला यायचे ना?"

"यायचे की. दुसरं होतंच कोण? माझी धाकटी बहीण आजारी पडली तेव्हा शेजारचा हेन्री सात मैल सायकल मारत डॉक्टरकडे गेला. डॉक्टर आले. तोवर तिला पांढऱ्या चादरीत गुंडाळून ठेवलं होतं."

कुणाची बोटं हलली नाहीत. इमोजेनचा फोनवाला हात हळूहळू मांडीवर आला.

"पुढच्या वर्षी माझ्या माहेरच्या गावात बस सुरू झाली," बेरिल खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पहिल्या दिवशी आई नुसती बसली, बाजाराच्या गावाला गेली, आणि तशीच परत आली. काम काहीच नव्हतं."

पेनीफर्डला उतरताना मोजणीवाल्याने कागदावर वीसचा आकडा लिहिला. "वाचली बाई तुमची बस. निदान पुढच्या मोजणीपर्यंत."

वर खोलीत रेज खिडकीला नाक लावून बसला होता. शब्द त्याच्या तोंडून एकेक करून यायचे.

"कोण... मेलं?"

"कुणी नाही."

"मग एवढे... उतरले?"

"माझ्या आठवणी ऐकायला आले होते." बेरिलने कोट काढून त्याच्या पलंगावर टाकला.

रेजचं अर्धं तोंड हसलं. मग परत खाली बघून त्याने विचारलं, "जाणार... कसे?"

खाली एकोणीस माणसं वेळापत्रकाभोवती गोळा झाली होती. परतीची बस तीन दहाला. पिअर्स फोनवर कुणाला तरी गाडी घेऊन यायला सांगत होता. दोन गाड्या लागतील, नाही, पाच.

"त्यांची उपसमिती बघेल," बेरिल म्हणाली, आणि पिशवीतून संत्रं काढून सोलायला लागली. "मंगळवारी काय आणू?"