न्हाणीघरातली लाज

मी एक जुना लाकडी चौरंग आहे, बुटका आणि चार पायांचा. माझ्यावर देव बसत नाहीत, मित्रांनो, माणसं बसतात, आणि तीही कपडे काढून! तेव्हा माझी कहाणी ऐकताना नाक मुरडू नका. उघड्या माणसाला मी जितकं ओळखतो, तितकं त्याच्या सख्ख्या आईनेही ओळखलेलं नसतं.

नागोयाच्या वरच्या डोंगरातल्या एका सुताराने मला हिनोकी नावाच्या सुवासिक लाकडातून घडवलं, एकही खिळा न मारता. टोकियोच्या हिगाशी-कसाईतल्या दुकानातून यामिनीने मला उचललं तेव्हा ती पोटुशी होती, तिला खाली वाकवत नव्हतं. जपानात टबात उतरण्याआधी बाहेर बसून अंग लख्ख धुतात. माझा जन्म त्यासाठीच.

यामिनी पुण्याची, सॉफ्टवेअर कंपनीतली. तिचा नवरा क्वाबेना घाना देशाचा, इथल्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करतो. उंचापुरा, काळाभोर आणि सदा हसतमुख. त्यांची मैत्रेयी माझ्यावर बसूनच स्वतः न्हायला शिकली. लहानपणी ती मला नाक लावून हुंगायची आणि आईला ओरडून सांगायची, "आज पण वास येतोय!" ते माझे सुखाचे दिवस होते.

माणसं न्हाणीघरात फक्त अंग धुवायला येतात, असं वाटतं का तुम्हाला? क्वाबेना तिथे रडायला यायचा. शॉवर पुरता सोडायचा, म्हणजे बाहेर आवाज जात नाही. गच्च भरलेल्या गाडीत त्याच्या शेजारची जागा तेवढी रिकामी राहते, हे तो घरी हसत हसत सांगायचा. "माझ्या बॅगला रोज सीट मिळते!" सगळे खो खो हसत. मला मात्र ते हसणं ऐकवत नसे, कारण थोड्या वेळाने तोच माणूस माझ्यावर येऊन बसायचा आणि त्याचे खांदे गदगदत असायचे.

मैत्रेयी सहावीत गेली आणि तिच्या शाळेची मुक्कामाची सहल ठरली. अशा सहलीत वर्गातल्या सगळ्या मुली संध्याकाळी एकाच मोठ्या हौदात आंघोळ करतात. मैत्रेयी नुसती नाचत होती. त्याच सुमारास पुण्याहून कुमुदिनीआजी आल्या, यामिनीच्या आई. बाई मायाळू हो, त्यात वादच नाही. नातीसाठी चकल्या, लाडू, आणि डबा भरून मसुरीच्या डाळीचं पीठ.

"सगळ्या पोरींसमोर उघडं व्हायचं ना तुला? मग आधी जरा उजळून जा, सोन्या," आजी म्हणाल्या. त्यांनी पिठात साय आणि हळद कालवली आणि माझ्यावर बसलेल्या मैत्रेयीच्या पाठीला चोळायला घेतलं. "तुझ्या आईला, मावशीला, सगळ्यांना लावलंय मी. रंग बघ कसा खुलतो."

 आपल्या अंगात काही उजळायचं राहिलंय, हे मैत्रेयीला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं. पोरीची मान खाली गेली ती मी पाहिली आणि माझ्या काळजात चर्र झालं. लाकडाला काळीज असतं, हसू नका.

त्यानंतर ती कडी लावून आंघोळ करू लागली. आजीचं उटणं धुऊन झालं की नायलॉनचा खरखरीत टॉवेल घ्यायची आणि कोपर, गुडघे, मान घासत सुटायची. घासायची, आरशात बघायची, पुन्हा घासायची. मग एकदा माझ्यावर रक्ताचा थेंब पडला. मित्रांनो, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला! माझ्या पाठीवर बसून एक पोर स्वतःची कातडी सोलत होती आणि मी ढिम्म बसून होतो.

आणि एका संध्याकाळी तिने आईला सांगून टाकलं, "मला सहलीला नाही जायचं. पोट दुखतं माझं."

यामिनीला खरंच वाटलं. क्वाबेनाला नाही. न्हाणीघरात पाणी फार वेळ वाहतंय, हे त्याच्या लक्षात आलं होतं. वाहत्या पाण्यामागे काय असतं ते त्याच्याइतकं कुणाला कळणार? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. त्याने दार वाजवलं. "पंचा गुंडाळ आणि कडी काढ, मैत्रेयी."

बापलेकीची भाषा म्हणजे इंग्रजी, जपानी आणि मराठीची खिचडी. मी आपलं मराठीत सांगतो. सोललेली कोपरं पाहून तो आधी सवयीप्रमाणे हसला. "अगं, चॉकलेट घासून त्याचं दूध होतं का?"

"तू नेहमी हसतोस," मैत्रेयी म्हणाली. "मला नाही येत हसू."

त्याचा चेहरा एकदम उतरला. अंगातल्या कपड्यांनिशी तो माझ्यावर मटकन बसला. विजार भिजली तरी उठला नाही.

"ऐक," तो म्हणाला. "तू लहान होतीस तेव्हा लॅबमधल्या लोकांबरोबर मी गरम झऱ्यांच्या गावी गेलो होतो. मी हौदात उतरलो आणि आधीपासून बसलेली दोन माणसं उठून गेली. मीपण उठलो. घरी येऊन सांगितलं की पाणी फार कढत होतं. मग इथे बसून अंग घासलं, तू घासतेस ना, अगदी तसंच. त्यांची नाही, बाळा, मला माझीच लाज वाटली. तेव्हापासून मी कुठल्याच हौदात उतरलो नाही."

आणि तो रडला. या वेळी शॉवर बंद होता. मैत्रेयीने बापाला रडताना कधी पाहिलं नव्हतं. ती त्याच्या डोक्यावर हात फिरवत उभी राहिली आणि मग म्हणाली, "तू हौदात उतरलास तर मी सहलीला जाईन."

दारात आजी उभ्या होत्या, हातात उटण्याची वाटी. त्यांना इंग्रजी कळलं नव्हतं, पण मागे उभ्या यामिनीने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. क्वाबेनाने वाटीकडे पाहिलं आणि मोडक्या मराठीत विचारलं, "आई, मला पण लावायचं होतं?"

तो चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं.

आजींनी वाटी खाली ठेवली. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "मला वाटलं मी लाड करतेय." आणि त्या खाल मानेने तिथेच खाली बसल्या.

रविवारी चौघं निघाली, गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात. तिथे सगळं मिळतं, चौरंगसुद्धा. पण आजी अडून बसल्या, "कोणकोण बसून गेलेल्या पाटावर मी टेकणार नाही!" म्हणून मी त्यांच्या काखेत. पुण्याच्या सोवळ्याला जपानात पाय फुटले ते असे.

तिथे बायकांचा आणि पुरुषांचा हौद वेगळा. मध्ये भिंत, पण ती छतापर्यंत जात नाही. नवराबायको भिंतीवरून हाका मारून निघायची वेळ ठरवतात. क्वाबेना एकटाच पलीकडे गेला. इकडे आजी लुगडं धरून खांबासारख्या उभ्या. आयुष्यात कधी परक्यांपुढे उघड्या झाल्या नव्हत्या, लाजेने लालबुंद झाल्या. मैत्रेयीने आपले कपडे काढले, कोपरांच्या खपल्या तशाच दिसत होत्या, आणि हात पुढे केला. "चल आजी, मी आहे ना."

पाण्यात उतरल्यावर मैत्रेयीने भिंतीकडे पाहून मुद्दाम मराठीत हाक मारली, "पपा! आहेस ना?"

उत्तर आलं नाही. यामिनी भिंतीजवळ सरकली. आजींनी नातीचा हात घट्ट धरला. आणि मी, मित्रांनो, परक्या फरशीवर कान देऊन बसलो होतो.

"आहे," पलीकडून आवाज आला.

"कुणी उठून गेलं का?"

"एक जण गेला."

"मग?"

"मी नाही उठलो."

आजूबाजूच्या जपानी बायकांना एक अक्षर कळलं नाही. पण मैत्रेयी पाण्यात खुदकन हसली आणि आजी हुंदके देऊन रडल्या.

ती सहलीला गेली. क्वाबेना अजूनही अधूनमधून रडतो. बरं होणं काही एका आंघोळीत होत नाही. फरक इतकाच, की आता तो न्हाणीघराचं दार उघडं ठेवतो आणि कुणीतरी येऊन शेजारी बसतं.

माझं आता वय झालं, एक पाय कुजत चाललाय. माझी काळजी एवढीच घ्या, की वापरल्यावर मला उभं करून वाळवा. आणि मित्रांनो, लेकराच्या अंगाला माया म्हणून हात लावाल, तेव्हा ते आहे तसंच हातात घ्या. आमच्यावर रक्ताचे डाग पडू देऊ नका. ते लाकडात मुरतात, कितीही धुतले तरी जात नाहीत.