चौदा ग्रॅम

“थेंब काहून मोजून राहिली? रंग पाह्य, रंग!” रत्नाकरकाकांनी दटावलं.

हिंदी मुलखातल्या रांझीत, लष्करी फॅक्टरीच्या दवाखान्यात, अनसूया काकांच्या हाताखाली रक्त तपासायला शिकत होती. चार महिने तिनं नुसत्या बाटल्या धुतल्या. मग पासष्टची लढाई पेटली, माणसं कमी पडू लागली आणि काकांनी नळी तिच्या हाती दिली. बोटातलं रक्त आम्लात सोडायचं, ते तपकिरी झालं की थेंबथेंब पाणी घालायचं. रंग शेजारच्या नमुन्याच्या काचेशी जुळला की नळीवरचा ग्रॅमचा आकडा वाचायचा. जितकं पाणी जास्त लागेल, तितकं रक्त सकस.

आत्ताची नळी दिवाकरची होती. सरहद्दीवर बिघडलेले ट्रक दुरुस्त करायला जाणाऱ्या तुकडीत त्यानं आपणहून नाव दिलं होतं. रक्त बारा ग्रॅमच्या खाली भरलं, की नाव कटणार. तीन वर्षं हा गृहस्थ शिफ्टला जाताना तिच्या क्वार्टरपुढे सायकलची घंटी वाजवायचा, रस्ता मोकळा असला तरी! त्यापुढे ना त्याची मजल गेली, ना हिची जीभ रेटली.

अकराच्या खुणेवर तिचा हात थांबला. रंग अजून गडद होता, हे तिला स्वच्छ दिसत होतं. इथंच थांबलं तर? तो जायला नको होता तिला.

“काका, तुम्ही पाहता का एकदा?”

“मी कायले पाहू? आजपासून सही तुझी.” काकांनी सूक्ष्मदर्शकावरून डोकंसुद्धा वर केलं नाही.

विश्वास टाकायला त्यांना नेमका आजचाच दिवस सापडला होता! अनसूयेला रडू आलं. तिनं थेंब टाकला. मग आणखी एक. बाराची खूण गेली, तेराची गेली. चौदावर रंग जुळला. तिनं आकडा लिहून खाली सही केली.

दिवाकर आत आला. त्यानं कागद दोनदा वाचला.

“चौदा. पक्कं?”

“पक्कं.”

कागद खिशात गेला, पण पाय निघेना. “थोडं कमी भरलं असतं ना,” तो खाली बघत म्हणाला, “तरी चाललं असतं मले.”

तीन वर्षांचं सगळं तिच्या ओठांवर आलं.

“वेळेवर जेवत जा,” ती म्हणाली.

तो गेला. दारात माणसं खोळंबली होती. तिनं सुई स्पिरिटनं पुसली.

“चलो भैया, अगला कौन?” ती म्हणाली, आणि तिनं पुढच्या माणसाचं बोट हातात घेतलं.