दुसऱ्या बाजूची मूठ

चष्मेवाला दिवसभर लोकांना एकच प्रश्न विचारायचा, "आधीची काच बरी की आताची?" आणि लोक चटकन सांगून मोकळे व्हायचे. पण दोन आइसबॉक्ससमोर उभं राहायची वेळ स्वतःवर आली, तेव्हा गड्याचं डोकंच चालेना.

एक भारीतला. जाड भिंतींचा, झाकणाला रबर, दोन्ही बाजूंना मुठी. त्यात बर्फ कितीतरी दिवस टिकणार. दुसरा साधा, हलका, एका हातानं उचलण्यासारखा. त्यात मासे संध्याकाळपर्यंत धड राहिले तरी खूप.

"भारीतला भरला की एकट्यानं उचलवत नाही हं, काका," दुकानवाल्या बाई म्हणाल्या. "दुसरी मूठ धरायला कुणी आहे ना?"

घ्या, नेमकं दुखऱ्या जागी बोट.

होता की. साडू होता. बायका सख्ख्या बहिणी, म्हणून गळ्यात पडलेलं नातं. पण दोघांचं असं काही मेतकूट जमलं की दर रविवारी तळ्यावर मासे धरायला जोडी ठरलेली. चष्मेवाल्याची बायको गेली, तेव्हा ह्याच साडूनं त्याला घरातून ओढून तळ्यावर नेलं होतं. आणि गेल्या उन्हाळ्यात साध्या बॉक्समधला बर्फ विरघळला, मासे नासले, तर चष्मेवाल्यानं काय करावं? "तुम्ही सारखं झाकण उघडून बघता, म्हणून हे झालं. पुन्हा येऊ नका," असं तोंडावर सुनावलं. झालं. साडू मानी माणूस, परत फिरकलाच नाही. तेव्हापासून हा एकटा जातो, एकटा बसतो, एकटा जेवतो. रविवार अगदी खायला उठतो.

साधा बॉक्स घेतला की कायमचं एकट्यानंच जायचं, हे त्याला स्वच्छ कळत होतं.

"आहे," तो म्हणाला. "साडू आहे माझा."

टेम्पोवाल्यानं भारीतला बॉक्स जिन्याखाली उतरवून दिला. चष्मेवाला त्याच्या झाकणावर बसला आणि धीर करून फोन लावला.

"साडूभाऊ, मोठा बॉक्स घेतलाय. जिन्याखाली अडकलोय. एकट्यानं उचलवत नाही."

पलीकडून साडूनं विचारलं,

"बर्फ भरलाय?"

"नाही."

"मग रिकामा तर कुणीही उचलेल."

पकडला गेला बिचारा. आता कसली सारवासारव करायची?

"चुकलो मी," तो म्हणाला. "करमत नाही हो मला."

साडूनं घसा खाकरला.

"तिथंच थांबा. आणि मी येईपर्यंत झाकण उघडू नका."

तेवढ्यात वरचा शेजारी जिना उतरून आला. बॉक्सकडे बघून म्हणाला, "धरू का एक बाजू? आत्ता नेऊ वर."

"नको," चष्मेवाला म्हणाला आणि झाकणावर जरा सरकून बसला, शेजारी एक माणूस मावेल एवढा. "आमचे साडू येतायत."